आपल्या वाट्याचे कागद
(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवात दिलेले व्याख्यान)





मठाच्या दारी येणारा मनुष्य श्रीगुरूंच्या पुढे जे प्रश्न ठेवतो, त्यांचे स्वरूप काळाप्रमाणे पालटत आले आहे. पूर्वी पीकपाणी, आजार, मुलीचे लग्न आणि भाऊबंदकीचे तंटे हेच बहुधा विचारले जाई. ते प्रश्न आजही संपलेले नाहीत. परंतु फलमंत्राक्षता घेण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या तरुण गृहस्थांपैकी पुष्कळांच्या मनात आता एक निराळाच प्रश्न असतो. नोकरी आहे, वेतन भरपूर आहे, हुद्दा चारचौघांत सांगण्याजोगा आहे. परंतु त्या कामात मन नाही. सकाळी उठताच दिवसाचे ओझे वाटते. ही नोकरी धरावी की सोडावी?

घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रश्न प्रथम कळतच नाही. संस्थानी दरबारांच्या आश्रयाने इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थायिक झालेली कुटुंबे असोत, की गोव्यातून वा बेळगावाकडून पोटासाठी मुंबईची वाट धरलेली माणसे असोत, त्यांच्या कित्येक पिढ्यांनी नोकरी मिळावी म्हणून नवस केले. त्यांच्याच वंशातला मुलगा नोकरी सोडण्यासाठी कौल लावू पाहतो, तेव्हा त्यांना तो उन्माद वाटतो. उलट मुलाला वाटते की, घरातील कोणी आपले दुःख जाणत नाही. एक पक्ष 'कृतघ्न' म्हणतो, दुसरा 'निष्ठुर' म्हणतो, आणि प्रश्न होता तेथेच राहतो. चुकीच्या उत्तराची किंमत मात्र दोन्ही बाजूंनी जबर आहे. घाईने सोडणारा घराला कर्जात लोटतो. भीतीने धरून बसणारा वीस वर्षांनी स्वतःलाही ओळखीनासा होतो. यास्तव या प्रश्नाचा विचार शांतपणे करणे अगत्याचे आहे.

धर्मग्रंथांकडे वळले असता प्रथमदर्शनी निराशा होण्याचा संभव आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने नियत कर्म टाकणे हा तामस त्याग. कर्म दुःखद आहे, शरीराला क्लेश होतात, एवढ्याच भयाने ते टाकणे हा राजस त्याग. आणि असा त्याग करणाऱ्यास त्यागाचे फळ मिळत नाही, असे भगवंतांनी स्पष्ट म्हटले आहे. आसक्ती आणि फलाशा सोडून नियत कर्म करीत राहणे हा सात्त्विक त्याग. एवढे वाचून कोणी म्हणेल की, मग प्रश्न मिटला. कंटाळा आला तरी नोकरी धरूनच ठेवावी.

परंतु येथे एक शब्द नीट पाहिला पाहिजे. 'नियत कर्म' म्हणजे 'नोकरी' नव्हे. आईबापांचे पोषण, मुलांचे संगोपन, घेतलेल्या ऋणाची फेड, दिलेल्या शब्दाचे पालन, समाजाची प्रामाणिक सेवा ही गृहस्थाची नियत कर्मे होत. नोकरी हे ती पार पाडण्याचे एक साधन आहे. साधन बदलता येते. साधन टाकताना त्याबरोबर साध्यही टाकले जात नाही ना, एवढेच पाहावयाचे असते. गीतेचा निषेध साधन बदलण्यास नाही. क्लेशाच्या भयाने कर्तव्यातून पळण्यास आहे.

म्हणून पहिली परीक्षा नावडीचीच केली पाहिजे. नावड पुष्कळदा कामाची नसते, अवधानाच्या अभावाची असते. एकनाथमहाराजांची कथा सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक राहिली, ती शोधण्यासाठी नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, असे परंपरा सांगते. स्वामींनी त्या आनंदाकडे बोट दाखवून, हेच चित्त हरिचिंतनी लावावे, असा उपदेश केला. आकड्यांच्या रुक्ष कामातही ज्याला संपूर्ण चित्त ओतता आले, त्यालाच पुढचा मार्ग दाखविला गेला. ज्याने हातातील काम कधी मन लावून केलेच नाही, त्याने ते नावडते असल्याचा निवाडा देणे म्हणजे पान न वाढताच अन्न बेचव म्हणण्यासारखे होय. काही महिने तरी काम सर्वस्व ओतून करावे. त्यानंतरही नावड उरली, तर ती आळसाची नव्हे, एवढे निश्चित होते.

नावडीचा दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. ज्या कामात ग्राहकाची फसवणूक करावी लागते, खोटे आकडे लिहावे लागतात, दुर्बळाला नाडावे लागते, त्या कामाबद्दल वाटणारी किळस ही आत्म्याने दिलेली सूचना आहे. तेथे वाल्या कोळ्याची कथा आठवावी. वाटमारीचे धन घरी सर्वांना चालत होते. परंतु नारदांच्या सांगण्यावरून वाल्याने, पापात वाटेकरी कोण होणार, असे विचारले तेव्हा घरातील एकही जण पुढे आला नाही. कुटुंबाला मिळकतीत वाटा असतो, पापात नसतो. म्हणून, 'मुलाबाळांसाठी करावे लागते,' ही सबब अधर्माच्या बाबतीत टिकत नाही. अशा नोकरीतून बाहेर पडण्याची तयारी त्याच दिवशी सुरू केली पाहिजे.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. काम प्रामाणिक आहे, त्यात चित्तही लावून पाहिले आहे. तरी अंतःकरण दुसऱ्याच कार्याकडे ओढ घेते. कोणाला शिकवावयाचे असते, कोणाला शेतीकडे परतावयाचे असते, कोणाला विद्येसाठी जगावयाचे असते. येथे सोडणेही धर्म होऊ शकते आणि राहणेही. मग निवड कशी करावी?

या ठिकाणी देहूच्या तुकोबांच्या चरित्रातील एक प्रसंग दीपासारखा उपयोगी पडतो. तुकोबांचे घराणे व्यापाराचे आणि सावकारीचे. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात घरची माणसे गेली, व्यापार बसला, आणि त्यांचे मन संसारातून उठले. कुळांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु कथेचा अर्धा भाग बहुधा विसरला जातो. परंपरा सांगते की, तुकोबांनी खते सरसकट बुडविली नाहीत. धाकट्या बंधूंच्या, कान्होबांच्या, वाट्याचे कागद त्यांनी त्यांच्या हवाली केले आणि केवळ आपल्या वाट्याचे कागद नदीत सोडले.

वैराग्याच्या ऐन भरातही हा वाटणीचा विवेक सुटला नाही, हे या प्रसंगाचे मर्म होय. मनुष्याला त्याग करण्याचा अधिकार आहे, परंतु तो आपल्या वाट्यापुरताच. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करणे हे औदार्य नव्हे. तो अपहार होय. नोकरी सोडू पाहणाऱ्याने, 'ही मला आवडते का?' असे विचारण्याच्या आधी, 'या वेतनात माझा वाटा कोणता आणि इतरांचा कोणता?' असे विचारले पाहिजे.

महाभारताच्या वनपर्वातही हाच बोध निराळ्या रीतीने आला आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण वेदाध्ययनासाठी घर सोडून निघाला. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु वृद्ध आईबापांची अनुज्ञा न घेता तो निघाला आणि ती दोघे त्याच्या शोकाने दृष्टिहीन झाली. मिथिलेच्या धर्मव्याधाकडे तो धर्म शिकावयास गेला, तेव्हा मांसविक्रयासारखा व्यवसाय करणाऱ्या त्या व्याधाने त्याला घरी परतून आईबापांची सेवा करण्यास सांगितले. कार्य थोर असले म्हणून दुसऱ्याचा वाटा बुडविण्याचा परवाना मिळत नाही, हाच याचा इत्यर्थ.

या कसोटीवर गोमंतकाच्याच एका थोर पुत्राचे चरित्र तपासून पाहण्यासारखे आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1876 मध्ये साष्टीच्या परिसरातील सांखवाळ येथे झाला. नारळीच्या बागायतीची देखरेख करीत असताना बुद्धचरित्राने त्यांचे मन वेधले. 1899 मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे करीत ते सिंहलद्वीपाला पोहोचले आणि तेथे त्यांनी पाली भाषेचे अध्ययन केले. त्या विद्येने पुढे महाराष्ट्राचे केवढे कल्याण झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु पत्नी आणि तान्ही मुलगी गोव्यात मागे राहिली. त्या वर्षांचे ओझे धर्मानंदांनी एकट्याने वाहिले नाही. त्यांच्या पत्नीने, बाळाबाईंनी, ते न मागता वाहिले. थोर पुरुषांची चरित्रे सांगताना हा वाटा लिहावयाचा राहून जातो. देहूच्या जिजाईविषयीही हेच म्हणावे लागते.

आता याच पुरुषाचे दुसरे सोडणे पाहावे. सिंहल व ब्रह्मदेशाहून परतल्यावर धर्मानंद कलकत्त्यास पालीचे अध्यापन करू लागले. विद्यापीठात मान होता आणि वेतनही चांगले होते. परंतु ही विद्या आपल्या माणसांत, मराठीत न्यावी, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा 50 रुपयांचे साहाय्य देऊ केले. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे आणि ग्रंथलेखन करावे, एवढीच अपेक्षा होती. कलकत्त्याचे वेतन याच्या कितीतरी पट होते. तरीही धर्मानंदांनी 50 रुपये पत्करले.

ही दोन्ही सोडणी एकाच माणसाची. परंतु त्यांत केवढे अंतर आहे! पहिल्या वेळी कोठे जावयाचे ते धूसर होते, परतण्याची मुदत नव्हती, आणि घरचा वाटा कोणाच्या तरी भरवशावर टाकला होता. दुसऱ्या वेळी काम ठरलेले होते, रक्कम ठरलेली होती, आणि तीत काटकसरीने संसार चालविण्याची तयारी होती. पहिल्या वेळी मनुष्य घरापासून दूर निघाला. दुसऱ्या वेळी तो कार्याच्या दिशेने निघाला. विद्येचा आरंभ पहिल्या सोडण्यानेच झाला, हे नाकारता येत नाही. परंतु सामान्य गृहस्थाने अनुकरण करावयाचे तर ते दुसऱ्याचे करावे.

बडोद्याच्याच सेवेतील दुसरे उदाहरण श्रीअरविंदांचे. 1893 मध्ये ते त्या संस्थानच्या सेवेत रुजू झाले आणि सुमारे तेरा वर्षे तेथे राहिले. 1906 मध्ये कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालय निघाले, तेव्हा बडोद्याच्या वेतनापुढे अगदी अल्प अशा 150 रुपये मासिक वेतनावर त्यांनी त्याचे प्राचार्यपद स्वीकारले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्यांनी बडोद्याची सेवा एका झटक्यात तोडली नाही. प्रथम बिनपगारी रजा घेतली. ज्यांचे धैर्य वादातीत होते, त्यांनाही पूल जाळून पलीकडे जाण्याची आवश्यकता वाटली नाही.

साधनेसाठी नोकरी सोडावी, असे म्हणणारे भक्तही मठात भेटतात. त्यांनी गुरुदेव रा. द. रानडे यांचे चरित्र दृष्टीपुढे ठेवावे. 1886 मध्ये जमखंडीस जन्मलेला हा पुरुष महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवीत राहिला, अलाहाबाद विद्यापीठात विभागप्रमुख झाला, कुलगुरुपदही त्याने भूषविले. आणि नामस्मरण अखंड चालू ठेवले. उत्तरायुष्यात ते निंबाळच्या आश्रमी स्थिर झाले आणि 1957 मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. नामाला राजीनाम्याची अट नाही.

आता प्रत्यक्ष वाटणीचा विचार करू पाहता, वेतनाचे चार भाग पडतात. पहिला ऋणाचा: घराच्या कर्जाचा हप्ता, शिक्षणासाठी काढलेली रक्कम, नातलगांकडून घेतलेले उसने. दुसरा आश्रितांचा: आईवडिलांचे औषधपाणी, मुलांचे शिक्षण, घरचे अन्नवस्त्र. नोकरीबरोबर कंपनीने दिलेल्या आरोग्यविम्याचे छत्रही बहुधा जाते, तेही याच भागात मोजावयास हवे. तिसरा शब्दाचा: हाती घेतलेले काम, राजीनाम्यानंतरची ठरलेली मुदत, आपल्यावर विसंबलेले सहकारी. आणि चौथा भाग प्रतिष्ठेचा: गरजेहून मोठे घर, शेजाऱ्याहून मोठी गाडी, लग्नकार्यातील थाट आणि नावापुढील हुद्दा.

पहिले तीन भाग दुसऱ्यांचे आहेत. ते कान्होबांचे कागद होत. त्यांना हात लावण्याचा अधिकार एकट्याला नाही. चौथा भाग मात्र सर्वस्वी आपला आहे, आणि इंद्रायणीत सोडावयाचा तो हाच. प्रामाणिकपणे हिशेब मांडला असता एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते. पुष्कळ घरांत हा चौथा भागच फुगलेला असतो आणि तो दुसऱ्या भागाच्या नावावर मांडलेला असतो. 'मुलांसाठी' म्हणून जे चालले असते, त्यातील बरेचसे मुलांनी कधी मागितलेलेच नसते. तेव्हा खरे धैर्य राजीनाम्यावर सही करण्यात नाही. हे खाते खरे लिहिण्यात आहे.

हे खाते एकट्याने लिहू नये. पतीने पत्नीसह, पत्नीने पतीसह, आणि शक्य तेथे आईवडिलांना जवळ बसवून ते लिहावे. कित्येक घरांत असे आढळते की, कमी पैशांत राहण्याचे भय कमावत्या माणसालाच अधिक असते. घरच्यांना विचारलेलेच नसते. उलट कोठे असेही निघते की, वडिलांच्या आजाराचा खर्च आणखी दोन वर्षे टळणार नाही. मग ती दोन वर्षे थांबणे हा पराभव ठरत नाही. मुदत ठरलेली वाट पाहणे ही तपश्चर्या असते. मुदत नसलेली वाट पाहणे हीच खरी कैद.

यानंतर कसोटी कागदावरून संसारात आणावी. नव्या मार्गाने जेवढे उत्पन्न होण्याचा संभव आहे, तेवढ्यातच, नोकरी चालू असताना, सहा महिने घर चालवून पाहावे आणि उरलेली रक्कम कर्जात भरावी. ज्याला हे साधले, त्याने चौथा भाग आधीच पाण्यात सोडला. त्याचा राजीनामा हा मग उडी न राहता पुढचे पाऊल होतो. ज्याला हे साधले नाही, त्यालाही एक सत्य कळते: नोकरीहून आपल्याला तिची फळे अधिक प्रिय आहेत. तेही कळणे लहान नाही. मग निदान घरादारावर दोष ठेवणे थांबते, आणि त्याच नोकरीत समाधानाने राहण्याचा मार्ग मोकळा होतो.

येथवर इतरांच्या वाट्याचा विचार झाला. परंतु त्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती वडीलधाऱ्यांनी विशेष ऐकावी. आश्रितांचा वाटा केवळ वेतनात नसतो. तो माणसातही असतो. मुलाला बापाच्या पैशावर जसा हक्क आहे, तसा त्याच्या संध्याकाळीवर आहे. वृद्ध आईला औषध हवे, तसे दोन शब्दही हवेत. ज्या नोकरीने झोप नाहीशी केली, प्रकृती पोखरली, बोलणे तुसडे केले, ती नोकरी वेतनाचा वाटा घरी पाठवते आणि माणसाचा वाटा बुडवते. अशा वेळी घरच्यांनी स्वतः होऊन, 'आता पुरे,' असे म्हणणे हाच धर्म. कान्होबांचे कागद कान्होबांना मिळाले, हे योग्यच झाले. परंतु कान्होबांनी तुकोबांच्या वाट्याचे कागदही अडवून धरले असते, तर ते योग्य झाले नसते. मुलाच्या हुद्द्यावर मिरविण्याची आईबापांची हौस हा त्यांचा वाटा नव्हे.

गोमंतकात देवापुढे पाकळ्या लावून कौल घेण्याची रीत आहे. ती श्रद्धेची रीत आहे आणि तिचा मान राखावा. परंतु कौल हा विचाराच्या शेवटी मागावयाचा असतो, विचाराऐवजी नव्हे. उजवी पाकळी पडली तरी कर्जाचा हप्ता आपणच भरावयाचा असतो. डावी पडली तरी मनातील ओढ नाहीशी होत नाही. ज्याने खाते खरे लिहिले, घरच्यांना विचारले, सहा महिने स्वतःला पारखले, त्याने देवापुढे उभे राहावे आणि निर्णय नव्हे, तर निर्णय निभावण्याचे बळ मागावे. श्रीगुरूंचा आशीर्वाद जबाबदारी उतरवून घेण्यासाठी नसतो. ती पेलता यावी म्हणून असतो.

सोडणारा श्रेष्ठ आणि राहणारा कनिष्ठ, असा भेद धर्माने केलेला नाही. वाटे ओळखून जो राहिला, त्याची नोकरी सेवा झाली. वाटे चुकते करून जो निघाला, त्याचा त्याग निर्मळ झाला. दुसऱ्याचे दुसऱ्याला आणि आपले इंद्रायणीला, एवढा विवेक या महोत्सवाच्या निमित्ताने श्रीगुरुकृपेने सर्वांच्या ठायी जागृत होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.